थंडीतली घोडेस्वारी: कोल्हापूरच्या पहाटेला अंगातली ऊब कशी टिकवाल

डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात पहाटे पारा १२ ते १५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी तोच २८-३० वर चढतो. सकाळी साडेसहाला पागेत हुडहुडी भरते आणि दहा वाजता स्वेटर नकोसा होतो. घोडेस्वारी शिकणारा माणूस नेमका या दोन टोकांच्या मधल्या वेळात खोगिरावर असतो. म्हणून इथल्या थंडीची तयारी म्हणजे जाडजूड कपडे चढवणं नव्हे. इथे खरा त्रास होतो तो घामाने. अर्धा तास दुडकी, म्हणजे घोड्याची हलकी धाव, झाली की पाठ भिजते, मग घोडा चालीवर येतो, वारं लागतं आणि ओला बनियन अंगाला चिकटून गारठा आत भरतो. घाम आवरला तर आपल्याकडची थंडी आवरायला फारसं काही लागत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

कुठे आणि किती वाजता जायचं

जानेवारीत इथे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि गारठा सगळ्यात जास्त असतो तोही त्याच वेळी. नवख्याने पहिले काही आठवडे साडेसात-आठची वेळ मागून घ्यावी. तासाभराचा फरक पडतो, पण बोटं लगाम धरू शकतात की नाही हे त्या तासावर ठरतं.

जागेप्रमाणेही थंडी बदलते. रात्री थंड हवा जड होऊन सखल भागात उतरते. त्यामुळे पंचगंगेच्या काठी, वडणगे-चिखलीकडच्या उसाच्या पट्ट्यात पहाट शहरापेक्षा जास्त गार असते, वर धुकं आणि दव. पन्हाळ्यावर आणि मसाई पठारावर गोष्ट वेगळी आहे. पन्हाळा समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच आहे आणि पठारावर आडोसा म्हणून काही नाही. तिथे बोचतं ते वारं. नदीकाठी जायचं तर ओल्यापासून जपा, पठारावर जायचं तर वाऱ्यापासून.

आणखी एक, थंडीपेक्षाही महत्त्वाचं. हा गळीत हंगाम असतो. अंधारात, धुक्यात ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. धुकं असेल तर घोडा डांबरी रस्त्यावर काढूच नका. रिंगणातच थांबा. नाल मारलेला खूर दवाने ओल्या झालेल्या डांबरावर घसरतो, आणि जांभ्या दगडावर तर हमखास.

अंगात काय घालायचं

तीन थर पुरतात, पण प्रत्येक थर वेगळं काम करतो.

अंगालगत सुती बनियन नको. सुती कापड घाम पिऊन बसतं आणि लवकर वाळत नाही. खेळाडू वापरतात तसला पातळ, लवकर वाळणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट किंवा पातळ लोकरी थर्मल घाला. मुलींनी लक्षात ठेवावं, स्पोर्ट्स ब्रासुद्धा सुती नको. सगळ्यात आधी तीच भिजते आणि सगळ्यात शेवटी वाळते.

त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा हलका स्वेटर. लोकरीचा मोठा गुण असा की ती थोडी ओलसर झाली तरी ऊब धरून राहते. शक्य असेल तर पुढून चेन असलेला स्वेटर घ्या. डोक्यावरून काढायचा स्वेटर हेल्मेट असताना काढता येत नाही, आणि घोड्यावर बसून तोंड झाकलं जाईल असं काहीही करायचं नसतं.

सगळ्यात वर वारं अडवणारं पातळ जर्किन. लांबीला कंबरेपर्यंतच. त्याखाली आलं तर उठबस करताना खोगिराच्या मागच्या काठाला अडकतं. पावसाळ्यातला रेनकोट मात्र कितीही मोह झाला तरी घालू नका. आतला घाम आतच कोंडतो आणि त्याच्या सळसळीने घोडा बुजतो.

पागेत उभं असताना किंचित गार वाटलं पाहिजे. बुरूज चढून आल्यासारखं अंग गरम घेऊन खोगिरावर बसलात, तर दहा मिनिटांत घामाघूम व्हाल.

मफलर गुंडाळायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. घोड्यावर त्याची लोंबती टोकं धोक्याची असतात. फांदीत अडकतात, खोगिरात गुंततात. ओढणीचंही तेच. मफलर हवाच असेल तर दोन्ही टोकं जर्किनच्या आत खोचून वर चेन लावा. गळ्यात घालायची कापडी नळी मिळते, ती उत्तम. कान झाकायचे म्हणून हेल्मेटखाली जाड कानटोपी घालणारे पुष्कळ दिसतात. ते चुकीचं आहे. टोपीमुळे हेल्मेट वर उचललं जातं, डुगडुगतं आणि पडल्यावर उपयोगाचं राहत नाही. हेल्मेट भुवयांच्या वर साधारण दोन बोटांवर घट्ट बसलं पाहिजे. कानांसाठी कपाळपट्टीसारखा पातळ पट्टा पुरतो, आणि तो घालून हेल्मेटचे पट्टे पुन्हा जुळवून बघायचे. केस धुऊन ओल्या केसांनी येऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

पाय आणि हात

गारठ्याची पहिली तक्रार पायाच्या बोटांची असते. चालताना पाऊल हलतं, रक्त फिरतं. रिकिबीत ते एकाच जागी टेकलेलं असतं, तेही गार लोखंडावर. मग लोक दोन-दोन जाड सॉक्स चढवतात आणि पाय आणखी गार पडतात, कारण घट्ट बुटात रक्त खेळत नाही. एकच लोकरी सॉक्स घाला आणि आत बोटं हलतील एवढा बूट सैल ठेवा. बुटाला टाच हवीच, म्हणजे पाऊल रिकिबीतून पलीकडे सटकणार नाही. कोल्हापुरी चप्पल आपला अभिमान आहे, पण तिची जागा पागेच्या बाहेर. ट्रेकिंगचे रुंद, खाचा असलेले बूटही नकोत. पडताना पाऊल रिकिबीतून झटकन सुटलं पाहिजे. बुटाच्या दोन्ही अंगांना रिकिबीत बोटभर मोकळी जागा आहे ना, हे बसण्याआधी बघा.

मांड्यांच्या आतल्या बाजूला थंडी वाजत नाही, तिथे घोड्याची ऊब मिळते. गार पडतात ते गुडघे आणि नडग्या. स्वारीच्या पँटखाली पातळ थर्मल घाला, पण शिवण आतल्या बाजूने गुडघ्याला टोचणारी नसावी. जीन्स टाळा. तिची जाड शिवण तासाभरात कातडी सोलते.

हातमोजे लोकरीचे घेतले तर चामड्याचा लगाम निसटतो. पातळ चामड्याचे किंवा तळव्यावर रबरी ठिपके असलेले घ्या. जाड हातमोज्यात लगामातून घोड्याचं तोंड हाताला लागत नाही, आणि नवख्याला ते कळणं फार गरजेचं आहे.

मोटरसायकलवरून येणाऱ्यांसाठी

बहुतेक जण पागेवर दुचाकीने येतात. पहाटेच्या हवेत चाळीसच्या वेगाने वीस मिनिटं गाडी चालवली की बोटं आखडतात, गुडघे धरतात. स्वारी सुरू व्हायच्या आधीच निम्मी ऊब गेलेली असते. गाडीसाठी वेगळं जाड जर्किन आणि वेगळे हातमोजे ठेवा, पागेत आल्यावर ते काढून ठेवा. घरून उपाशी निघू नका. एखादी भाकरी, नाहीतर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा पुरे. अंगातली शेगडी पेटती राहायला इंधन लागतं. गंगावेशीत धारोष्ण दुधाचा मोठा पेला जरूर प्या, पण परतताना. दुडकीत भरलं पोट त्रास देतं.

खरारा: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली ऊब

पुष्कळ ठिकाणी नवख्यांना घोडा खोगीर घालून तयार मिळतो. घोडा सांभाळणारे मोतद्दार मामा सगळं करून ठेवतात आणि आपण फक्त टांग टाकतो. हिवाळ्यात ही सोय नाकारा. अर्धा तास आधी या आणि मामांना विचारून खरारा, म्हणजे घोड्याचं अंग दातेरी साधनाने घासून साफ करणं, स्वतः करा. त्या साधनालाही खराराच म्हणतात. अंगात ऊब आणायला यासारखा उपाय नाही, आणि घोड्याशी ओळख होते ती याच वेळात.

मानेपासून सुरुवात करा. खरारा गोल फिरवत, अंगाचा थोडा भार देत, मागे मागे सरका. रात्रीची धूळ आणि सुटे केस वर येतात, ते ब्रशने केसांच्या दिशेने झटकून टाका. हाडाच्या जागी, नडग्यांवर आणि तोंडावर खरारा फिरवायचा नाही. तिथे मऊ ब्रश किंवा फडकं. दोन्ही बाजू नीट करायला पंधरा मिनिटं लागतात आणि तोवर तुमचे खांदे मोकळे होतात, बोटांत रक्त येतं. मग हातमोजा काढून तळवा आयाळीखाली, मानेच्या कुशीत घाला. बाहेर कितीही गार असलं तरी तिथे भाकरीच्या दुरडीत हात घातल्यासारखी ऊब असते. घोड्याच्या अंगाचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश असतं, म्हणजे आपल्यापेक्षा किंचित जास्त. स्वारीत बोटं बधिर झाली तरी हीच जागा कामाला येते. घोडा उभा करून, लगाम एका हातात ठेवून, दुसरा हात आयाळीखाली.

पाठीवर आणि तंगाच्या, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या जागी, पुढच्या पायांच्या कोपरांमागे, वाळलेला चिखल किंवा कुसळ राहिलं आहे का हे बोटांनीच बघा. थंडीत केस उभे राहतात आणि बारीक कुसळ डोळ्याला दिसत नाही. खोगिराखाली घोंगडीची घडी घालायची पद्धत असेल तर तिच्यावरूनही हात फिरवा. सणगरांनी विणलेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. नवी घोंगडी ताठ असते, सुरकुती पडली तर पाठीला टोचते. ती वापरून मऊ झालेलीच बरी.

लगामाची कडी गार लोखंडाची असते. रात्रभर खुंटीवर टांगलेली कडी तशीच तोंडात घालू नका. दोन्ही तळव्यांत मिनिटभर धरा, किंवा कोमट पाण्यात बुडवून काढा. गार कडी तोंडात गेली की घोडा मान वर फेकतो, आणि पुढच्या वेळी लगाम दिसला तरी तोंड फिरवतो.

तंग एकदम आवळू नका. थंडीत पाठ आखडलेली असते. आधी खोगीर जागेवर राहील इतपत लावा, घोडा दहा-वीस पावलं चालवा, मग एक भोक, बसण्याआधी आणखी एक. घाईने तंग आवळला की काही घोडे पाठ कमानीसारखी करतात आणि स्वार बसताच उसळतात.

बसल्यावर

पहिली दहा मिनिटं फक्त चाल. थंड स्नायूंवर दुडकी घेतली तर घोड्याचे पाय दुखावतात, तुमच्या मांड्याही. या दहा मिनिटांत थंडी वाजेल. त्यावर उपाय आहे तो हालचालीचा. एकेक हात खांद्यातून मोठा फिरवा, खांदे कानापर्यंत नेऊन सोडा. शिकवणाऱ्याने घोडा धरला असेल तर पावलं रिकिबीतून काढून घोटे गोल फिरवा, परत रिकिबीत घातल्यावर बुटात बोटं आवळा आणि सोडा. गारठलेला माणूस नकळत खांदे वर घेतो, कोपरं अंगाला चिकटवतो, श्वास रोखतो. घोड्याला ते सगळं पाठीतून कळतं आणि तोही ताठरतो. म्हणून ऊब हवी ती मांड नीट बसण्यासाठीसुद्धा.

गार वाऱ्यात घोड्याला मस्ती येते. कान टवकारलेले, शेपूट वर, पावलं उडती. शांत म्हणून ओळखला जाणारा घोडाही जानेवारीत पहिल्या पाच मिनिटांत उडी मारू शकतो. अशा दिवशी शिकवणाऱ्याला सांगून आधी लांब दोरीवर घोडा फिरवून घ्या, मग बसा. त्यात कमीपणा काही नाही. जुने स्वारही हेच करतात.

हवा शांत असली तरी दुडकीत वारं तुम्ही स्वतःच तयार करता. दुडकीचा वेग ताशी १२-१३ किलोमीटरच्या आसपास असतो. तेवढा झोत छातीवर सतत लागतो. म्हणून पहिल्या दुडकीला जर्किनची चेन गळ्यापर्यंत हवी. पाठ ओलसर होतेय असं वाटलं की घोडा चालीवर आणून चेन थोडी उघडा. पूर्ण उघडी सोडू नका, फडफडणारी बाजू घोड्याला बुजवते.

जर्किन काढायचं तर खाली उतरा. हे दहा वेळा सांगितलं तरी कमी आहे. दोन्ही हात मागे बाह्यांत अडकलेले, लगाम मोकळा आणि तेवढ्यात मागून ट्रॉली वाजली, तर तुम्हाला कुणीही वाचवू शकत नाही. आमच्याकडचे एक मोतद्दार मामा नव्या पोरांना एवढंच म्हणतात, "बाळा, दोन मिण्टं खाली उतर की. घोडं काय पळून जात न्हाई."

दुडकी झाल्यावर लगेच चेन पूर्ण उघडून गार हवा घेण्याचा मोह आवरा. दोन-चार मिनिटं चालीवर जाऊ द्या, घाम थोडा ओसरू द्या. नाहीतर ओल्या अंगावर वारं बसतं आणि हुडहुडी तिथेच सुरू होते.

बोटं बधिर होऊन लगामाचा ताण कळेनासा झाला, तर ती थांबायची खूण आहे. उतरून घोड्याच्या बाजूने पाच-सात मिनिटं पायी चाला. तुमचे पाय गरम होतात, घोड्याची पाठ मोकळी होते.

उतरताना

गार पडलेल्या पायांवर धाडकन उडी मारली की तळव्यांतून कळ थेट डोक्यात जाते, घोटाही मुरगळतो. आधी दोन्ही पावलं रिकिबीतून काढा, घोटे फिरवा, पोटावर खोगिराला रेलून सावकाश घसरा आणि गुडघे वाकवून टेका. क्षणभर खोगीर धरूनच उभे राहा.

घोड्याची ऊब

आपण जर्किन चढवून चहाच्या गाडीकडे निघतो. घोडा मात्र घामेजलेल्या पाठीने वाऱ्यात उभा राहतो. नवख्यांकडून होणारी ही हयगय मला सगळ्यात जास्त खटकते.

शेवटची दहा-पंधरा मिनिटं चालच हवी. उतरल्यावर तंग सैल करा, पण खोगीर लगेच ओढून काढू नका. थोडं फिरवून मग काढा. पाठीवर वाफ दिसेल. पोत्याच्या कोरड्या तुकड्याने किंवा वाळल्या गवताच्या मुठीने पाठ, छाती आणि तंगाची जागा चोळून काढा. मग मागच्या भागावर घोंगडी टाकून चालवा. घोंगडीतून ओल बाहेर निघते आणि ऊब आत राहते. प्लॅस्टिकची ताडपत्री टाकणं म्हणजे घाम कोंडणं, ते कधीही करू नका. पुढच्या दोन पायांच्या मध्ये, छातीखाली हात लावून बघा. तिथे गरम आणि ओलं लागतंय तोवर घोडा निवलेला नाही. कुशीकडे बघून श्वास मोजा. निवांत घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ असतो. तिथवर उतरला की पागेत न्या.

सकाळच्या गारठ्यात पाइप लावून अंघोळ घालायची नाही. वाळलेला घाम ब्रशने निघतो. अंघोळ घालायचीच असेल तर दुपारच्या उन्हात.

पाणी महत्त्वाचं आहे. थंडीत घोडा गार पाणी कमी पितो, आणि कमी पाणी व कोरडी वैरण एकत्र आली की पोटशुळाचा धोका असतो. टाकीतलं पाणी पहाटे बर्फासारखं असतं. तेच विहिरीचं किंवा बोअरचं ताजं उपसलेलं पाणी हाताला कोमट लागतं. ते द्या. ऊब हवी म्हणून तोबऱ्यात चंदी, म्हणजे दाणा, वाढवणारे असतात. खरं तर घोड्याला आतून ऊब मिळते ती वाळल्या वैरणीतून. ती आतड्यात आंबताना उष्णता तयार होते. म्हणून थंडीच्या रात्री वैरण थोडी जास्त, चंदी नेहमीइतकीच.

धडधाकट, कोरड्या घोड्याला आपल्या थंडीत रोज झूल लागतेच असं नाही. वाऱ्याला आडोसा आणि कोरडी जमीन मिळाली की तो मजेत असतो. शिंगरू, म्हातारा किंवा आजारी घोडा असेल तर मात्र रात्री झूल घाला आणि सकाळी ऊन चढताच काढा. दुपारी तीस अंशांत झूल अंगावर राहिली तर तिच्याखालीच घाम सुटतो.

घरी जाण्याआधी

पिशवीत एक कोरडा टी-शर्ट आणि सॉक्सचा जोड ठेवाच. अंग ओलं असताना मोटरसायकलवर बसलात तर सकाळपासून जपलेलं सगळं वाया जातं. आधी कोरडं घाला, मग गाडीचं जाड जर्किन. पाणी प्या. थंडीत तहान लागत नाही, पण घाम गेलेला असतोच. पांढऱ्या रश्श्याची वाटी दुपारच्या जेवणात असेल तर उत्तमच.

बूट आणि चामड्याचे हातमोजे उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका, कडक होऊन तडकतात. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा. संध्याकाळी बोळे बदला, सकाळपर्यंत बूट आतून कोरडे होतात.